लक्झेंबर्गचा शेजारधर्म

युरोपची सफर करून परत आलेल्या आमच्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकूं येतें. एका देशांतून दुसऱ्या देशांत आपण केव्हां गेलों तें कळलेंच नाहीं. ना चौकी, ना शिपाई, ना सामानाची उलथापालथ! या गोष्टीचें कौतुक आम्हांसही आहे. ज्या भूमीवर १८७० पासून १९४० पर्यंतच्या सत्तर वर्षांत तीन वेळां फौजा चालून गेल्या, त्या भूमीवर आज दूधवाल्याची गाडी बेधडक सरहद्द ओलांडून जाते, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु या कौतुकाच्या पाठोपाठ जें तत्त्वज्ञान येतें त्याच्याशीं आमचें भांडण आहे. कौतुक करणारांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, सरहद्दी मावळल्या, प्रांत प्रांताचा बंधु झाला, सहकार्याचें युग अवतरलें. दुसऱ्या पक्षाचा आवाज हल्लीं अधिक मोठा आहे. तो म्हणतो, सरहद्द मोकळी झाली म्हणजे खरी चढाओढ सुरू होते. ज्या प्रांताच्या अंगीं हुशारी असेल तो पुढें जाईल, आणि मागें राहिलेल्यानें एक तर त्याचें अनुकरण करावें किंवा मुकाट्यानें त्याच्या घरीं चाकरीस जावें. हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी आहेत असें वरवर दिसतें. आमच्या मतें ते सख्खे भाऊ आहेत. हिशेबाची वही उघडण्याचा दोघांनाही सारखाच कंटाळा आहे.

ही वही कोठें उघडावयाची हें ठरविण्यास फार लांब जावयास नको. ज्या गांवाच्या नांवानें मोकळी सरहद्द जगभर ओळखली जाते, तें शेंगेन हें लक्झेंबर्गच्या दक्षिण टोंकास मोझेल नदीच्या कांठीं वसलेलें द्राक्षमळ्यांचें एक खेडें. १४ जून १९८५ रोजीं येथें नदींतील एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या पांच देशांच्या प्रतिनिधींनीं करारावर सह्या केल्या. त्याच वर्षीं त्याच सरहद्दीवर, शेंगेनपासून पश्चिमेस मोटारीच्या तासाभराच्या वाटेवर, दुसराही एक करार झाला; त्याचें नांव मात्र आज कोणाच्याही तोंडीं नाहीं. तो लाँवी या फ्रेंच शहरासंबंधींचा.

लाँवी, बेल्जममधील आत्यूस आणि लक्झेंबर्गांतील रोडांज हीं तीन गांवें एकमेकांना खेटून आहेत. जमिनीखालीं लोखंडाच्या मातीचा थर एकच. वर झेंडे तीन. या एका थरावर शंभर वर्षें तिन्ही बाजूंच्या झोतभट्ट्या पेटत राहिल्या, आणि विझूं लागल्या त्याही जवळजवळ एकदमच. आत्यूसचा कारखाना १९७७ सालीं बंद पडला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस लाँवीच्या भट्ट्यांवर गदा येणार अशी बातमी फुटली, आणि १९७९ सालीं त्या शहरांत जो क्षोभ उसळला त्याची आठवण फ्रान्समधील कामगारवर्ग अजून काढतो. तेव्हां तिन्ही सरकारांनीं १९८५ सालीं मिळून ठरविलें कीं या त्रिकोणांत दहा वर्षांत आठ हजार नवीन रोजगार उभे करावयाचे, आणि त्याकरितां युरोपीय समुदायाच्या संमतीनें कारखानदारांस भरघोस अनुदानें द्यावयाचीं. योजना तिघांची, प्रदेश तिघांचा. सहकार्याचा यापेक्षां उत्तम नमुना कोणता? पण अनुदानाची थैली दाखवून पाहुण्यास बोलावलें म्हणजे पाहुणा थैलीकडे पाहून येतो, घराकडे पाहून नव्हे. कोरियांतील देवू कंपनी आली. तिनें लोरेनच्या या भागांत तीन कारखाने उभारले. एकांत चूल नसलेल्या भट्ट्या, म्हणजे मायक्रोवेव्ह, एकांत दूरचित्रवाणीच्या नळ्या, एकांत दूरचित्रवाणीचे संच. २००२-०३ च्या सुमारास तिन्ही बंद झाले. नळ्यांचा कारखाना तर जानेवारी २००३ मध्यें, कामगारांचा संप चालू असतांना, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. प्रांताप्रांतांनीं भांडवलाच्या दारांत बोली लावीत उभें राहावें, या मताच्या पुरस्कर्त्यांनीं एकदां तरी या जळलेल्या भिंतींजवळून फेरफटका मारावा.

चढाओढीचा महिमा गाणारे यावर म्हणतील कीं लाँवी हरली, परंतु शेजारचें लक्झेंबर्ग पाहा! त्याच्याही भट्ट्या विझल्या. पण तें रडत बसलें नाहीं. एश शहराजवळच्या बेल्वाल येथें झोतभट्ट्यांच्या सांगाड्यांभोवतीं त्यानें विद्यापीठ उभारलें, राजधानींत जगांतील पेढ्यांस आसरा दिला, आणि दरडोई उत्पन्नांत तें जगाच्या अग्रभागीं जाऊन बसलें. हें सर्व खरें आहे. लक्झेंबर्गच्या उद्योगास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. पण हा डाव कोणत्या पत्त्यांवर जिंकला गेला तेंही सांगितलें पाहिजे. परदेशीं कंपन्यांच्या मालकीच्या कागदी संस्थांवरील कर जवळजवळ माफ करणारा कायदा या देशानें १९२९ सालींच केला होता. २००६ सालीं युरोपीय आयोगानें ती सवलत बेकायदा ठरविल्यावरच ती मोडीत निघाली. २०१४ सालीं उघडकीस आलेल्या कागदपत्रांवरून मोठमोठ्या कंपन्यांशीं करासंबंधीं कसे खाजगी ठराव होत होते तें सर्व जगास कळलें. आणि पेट्रोलचें काय? बेल्जमच्या सरहद्दीवर मार्तेलांज नांवाचें गांव आहे. तेथें हमरस्त्याची एक बाजू बेल्जमची आणि दुसरी लक्झेंबर्गची. बेल्जमच्या बाजूस घरें आहेत. लक्झेंबर्गच्या बाजूस पेट्रोलपंपांची रांग लागलेली आहे. कर कमी म्हणून तेल स्वस्त, तेल स्वस्त म्हणून शेजारच्यांच्या गाड्यांची रीघ, आणि त्या गाड्यांवर बसविलेला थोडका करही एवढ्याशा देशाच्या खजिन्यास पुष्कळ! स्वतःच्या माणसांच्या हुशारीवर जिंकणें वेगळें, आणि शेजाऱ्याच्या करापेक्षां आपला कर एक दमडी कमी ठेवून जिंकणें वेगळें. दुसऱ्या प्रकारास चढाओढ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, म्हणून आम्हीही तो शब्द वापरतों.

पण कंपन्या आणि पेट्रोल या लहान बाबी झाल्या. खरा प्रश्न माणसांचा आहे. लक्झेंबर्गची लोकसंख्या सात लाखांहून कमी. आणि सरहद्दीपलीकडून तेथें रोज कामास येणाऱ्यांची संख्या सव्वादोन लाखांच्या घरांत. देशांतील एकूण पगारदारांपैकीं जवळजवळ निम्मे लोक रात्रीं दुसऱ्या देशांत झोंपतात. त्यांतील अर्ध्याहून अधिक फ्रान्समधून, विशेषतः मेत्स, थिओनव्हिल व लाँवी या टापूंतून येतात. उरलेले बेल्जम व जर्मनीचे. पहांटेच्या अंधारांत थिओनव्हिलचें स्टेशन माणसांनीं फुलून जातें आणि मेत्सहून उत्तरेस जाणाऱ्या हमरस्त्यावर मोटारींची रांग हलतां हलत नाहीं. हे लोक कोणी धरूनबांधून नेलेले नाहींत. लक्झेंबर्गांतील किमान वेतनही फ्रान्सपेक्षां बरेंच अधिक, मग जाणारा कां न जावा? आम्हांस त्या माणसाविषयीं तक्रार करावयाची नाहीं. त्याच्या पगारावरील कर कोणाच्या तिजोरींत पडतो, एवढेंच आम्ही विचारतों.

तो लक्झेंबर्गच्या तिजोरींत पडतो. पगार जेथें मिळतो तेथें त्यावरील कर, असा दोन्ही देशांमधील ठराव आहे. आतां या माणसाच्या आयुष्याची दुसरी बाजू पाहा. त्याच्या मुलाची बालवाडी, त्याच्या घरापुढील रस्ता, त्याचें सांडपाणी, त्याच्या कचऱ्याची गाडी, आग लागली तर धांवून येणारा बंब, हें सर्व ज्या गांवाच्या माथीं तें गांव फ्रान्समध्यें. त्या गांवांत कारखाना नाहीं, पेढी नाहीं, मोठें दुकानही नाहीं. कारण कारखान्यांतील माणूस आणि पेढींतील माणूस सकाळीं सहा वाजतां सरहद्दीपलीकडे गेलेला असतो. कर देणारी आस्थापना पलीकडे आणि खर्च मागणारीं बिऱ्हाडें अलीकडे. ओदँ-ल-तीश किंवा त्याच्या आसपासचीं जुन्या खाणकामगारांचीं गांवें अशीं झपाट्यानें वाढत आहेत. पलीकडच्या पगाराच्या बळावर घरांच्या किंमती चढतात. मग अलीकडेच नोकरी करणारा शिक्षक, पोस्टमन किंवा दुकानांतील मुलगी यांनीं राहावें कोठें?

परिचारिकेचें उदाहरण घेऊं. तिला शिकविण्याचा खर्च फ्रान्सच्या जनतेचा. ती शिकून तयार झाली कीं तीस-चाळीस किलोमीटरांवर दुप्पटीकडे झुकणारा पगार तिची वाट पाहत असतो. उत्तर लोरेनच्या रुग्णालयांत परिचारिका टिकत नाहींत ही तेथील जुनी रड आहे. मार्च १९२० नव्हे, मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथींत युरोपच्या मोकळ्या सरहद्दी एका रात्रींत बंद होऊं लागल्या, तेव्हां लक्झेंबर्गच्या रुग्णालयांस घाम फुटला. कारण तेथील सेवकवर्गाचा मोठा भाग सरहद्दीपलीकडून येणारा. त्या वेळीं या लोकांना येऊं द्यावें म्हणून शेजाऱ्यांच्या विनवण्या झाल्या, त्यांच्या मुक्कामासाठीं हॉटेलांत खोल्या राखून ठेवण्यांत आल्या. त्या दिवसांत ती परिचारिका कोणाच्या पैशानें शिकली, हा प्रश्न विचारण्यास कोणासही सवड नव्हती. सांथ ओसरल्यावर तरी तो विचारावयास हवा होता.

आणि हाच मनुष्य बेकार झाला म्हणजे? नोकरींत असतांना बेकारीच्या विम्याची वर्गणी लक्झेंबर्गांत जमा होते. युरोपांतील देशांनीं २००४ सालीं केलेल्या नियमांत असें ठरलें कीं, नोकरी सुटल्यावर भत्ता द्यावयाचा तो मनुष्य ज्या देशांत राहतो त्यानें; नोकरीच्या देशानें त्यास भरपाई करावयाची ती पहिल्या तीन, फार तर पांच महिन्यांपुरती. म्हणजे भरल्या ताटावर एकानें बसावें आणि खरकटें दुसऱ्यानें काढावें! २०१० सालीं तर लक्झेंबर्गनें उच्च शिक्षणाचें विद्यार्थिवेतन फक्त देशांत राहणाऱ्यांच्याच मुलांना मिळेल असा कायदा केला. ज्यांच्या बापांच्या घामावर देशाचा गाडा चालतो त्यांचीं मुलें त्यांतून वगळलीं गेलीं. १९१३ च्या काळीं असला कायदा तसाच टिकला असता. पण आतां युरोपांत एक समाईक न्यायालय आहे, आणि त्यानें जून २०१३ मध्यें हा कायदा असा सरसकट लागू करणें न्यायास धरून नाहीं असा निकाल दिला.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही दडपून ठेवीत नाहीं. तो म्हणतो, हे सव्वादोन लाख पगार शेवटीं खर्च होतात ते लोरेन, वालोनी आणि जर्मनीच्या बाजारपेठांतच. लक्झेंबर्ग नसतें तर लाँवीचें खोरें ओसाड पडलें असतें. लक्झेंबर्ग या लोकांना निवृत्तिवेतन देतें, मुलांचे भत्ते देतें. हीं विधानें खरीं आहेत. पण दिवाणखाना भाड्यानें दिला म्हणजे भाडेकरूच्या बाजारहाटानें गल्लींतील वाण्याचें भलें होतें, एवढ्यावरून भाडें माफ करण्याची चाल आम्हीं कोठें पाहिली नाहीं. गांवाच्या पालिकेस शाळा बांधावयाची असते ती वाण्याच्या नफ्यावर बांधतां येत नाहीं.

दुसरा बचाव अधिक चतुर आहे. लक्झेंबर्गचें सरकार म्हणतें, रोख रक्कम वांटून देण्यापेक्षां आम्ही उपयुक्त कामांत भागी होऊं. त्याप्रमाणें २०१८ सालीं फ्रान्सशीं करार होऊन आगगाडीच्या मार्गाची सुधारणा व तत्सम कामांसाठीं दोन्ही देशांनीं प्रत्येकीं १२ कोटी युरो देण्याचें ठरलें. काम चांगलें आहे, त्याची गरजही होती. परंतु हे रूळ कोणत्या दिशेनें माणसें नेण्यासाठीं सुधारावयाचे? सकाळीं उत्तरेकडे! दुभती गाय वेळेवर गोठ्यांत यावी म्हणून वाटेवर खडी टाकणारा मालक गायीवर उपकार करतो असें कोणी म्हणत नाहीं. मग निम्मी खडी शेजाऱ्याकडून घेणाऱ्यास उदार कां म्हणावें? २०२० पासून लक्झेंबर्गांत आगगाडी, ट्राम व बस सर्वांना फुकट झाली, म्हणून त्या देशाचे जगभर गोडवे गायिले गेले. ही फुकट गाडी सरहद्दीपर्यंतच फुकट आहे. पुढच्या वाटेचें तिकीट लोरेनच्या माणसानें आपल्या खिशांतून काढावयाचें.

असा हिशेब करणें अशक्य आहे, देशादेशांत असल्या वांटण्या होत नसतात, असें जे म्हणतात त्यांनीं नकाशावर बोट थोडें दक्षिणेस सरकवावें. जिनिव्हा शहर तिन्ही बाजूंनीं फ्रान्सनें वेढलेलें आहे आणि तेथेंही रोज एक लाखाहून अधिक माणसें फ्रान्समधून कामास जातात. २९ जानेवारी १९७३ रोजीं तेथें एक करार झाला. पगारावरील कर जिनिव्हानेंच घ्यावा; मात्र एँ आणि ओत-साव्हा या दोन फ्रेंच जिल्ह्यांत राहणाऱ्या या लोकांच्या एकूण पगाराच्या साडेतीन टक्के रक्कम जिनिव्हानें दरसाल त्या जिल्ह्यांसाठीं द्यावी. पन्नास वर्षें ती दिली जात आहे. अलीकडे ती वर्षास ३० कोटी फ्रँकांच्या वर गेली आहे, आणि कोणत्या गांवांत असे किती लोक राहतात याची मोजदाद होऊन गांवोगांवच्या पालिकांस त्यांतला वांटा पोहोंचतो. जिनिव्हाचे लोक साधुसंत आहेत अशी आमची समजूत नाहीं. घेतात त्यापेक्षां पुष्कळ कमी देतात, आणि देतांना कुरकुरही करतात. पण देतात. तेथून जवळच, बाझल, व्हो, न्यूशातेल वगैरे आठ स्विस प्रांतांसाठीं १९८३ सालीं झालेला करार नेमका उलटा आहे. तेथें कर फ्रान्स घेतो आणि पगारांच्या साडेचार टक्के रक्कम स्वित्झर्लंडला देतो. एकाच दोन देशांमध्यें पैशाचा ओघ एके ठिकाणीं या बाजूनें, दुसरे ठिकाणीं त्या बाजूनें! ज्या फ्रान्सला पश्चिम स्वित्झर्लंडांत देतांही येतें आणि घेतांही येतें, त्याला मोझेलच्या कांठीं मागतां मात्र येत नाहीं.

फार कशाला, लक्झेंबर्गलाही हा धर्म ठाऊक नाहीं असें नाहीं. बेल्जमशीं त्याचा आर्थिक संघ १९२१ सालापासूनचा. त्या जुन्या नात्याच्या आधारें बेल्जमच्या सरहद्दीवरील गांवांसाठीं लक्झेंबर्ग दरसाल ठराविक रक्कम देत आलें आहे, आणि पुढें ती वाढवूनही दिली आहे. म्हणजे आत्यूसच्या बाजूनें येणाऱ्या मजुराच्या गांवास शाळा, रस्ते, गटारें असतात हें लक्झेंबर्गला समजतें. त्याच्या शेजारच्या लाँवीहून येणारा मजूर मात्र बहुधा रानांत राहत असावा.

पण सगळा दोष लक्झेंबर्गच्या पदरांत टाकून मोकळें होणें आम्हांस रुचत नाहीं. अर्धा दोष पॅरिसचा आहे. देशादेशांतील कराराच्या बैठकींत बसतात ते राजधानीचे मंत्री. थिओनव्हिलच्या नगराध्यक्षास तेथें खुर्ची नसते. पॅरिसच्या दृष्टीनें लोरेनचीं हीं माणसें बेकारांच्या यादींतून परभारें कमी झालीं, हाच मोठा लाभ. त्यांत राहत्या घराबद्दल बिऱ्हाडकरूकडून पालिकेस मिळणारा कर फ्रान्सच्या सरकारनें हप्त्याहप्त्यानें कमी करीत २०२३ पर्यंत अजिबात उठविला. त्याऐवजीं दुसरी भरपाई दिली खरी. पण ज्या गांवांत नवीं बिऱ्हाडें पावसाळ्यांतल्या अळंब्यांसारखीं उगवतात, तेथें नव्या बिऱ्हाडामागें सरळ हातीं येणारा पैसा गेला तो गेलाच. म्हणजे गांवाच्या ताटांतील भाकरी लक्झेंबर्गनें घेतली, आणि चटणी पॅरिसनें.

या प्रदेशानें खरें सहकार्य कसें असतें तें एकदां पाहिलें आहे, म्हणून आम्हांस अधिक वाईट वाटतें. रॉबेर शूमान याच सरहद्दीचा मुलगा. जन्म लक्झेंबर्गच्या क्लाउझेन पेठेंत, १८८६ सालीं, बाप लोरेनचा, पण १८७१ नंतर जर्मनीची प्रजा झालेला, आई लक्झेंबर्गची, वकिली मेत्सला. ९ मे १९५० रोजीं त्यानें कोळसा आणि पोलाद यांच्या समाईक कारभाराची योजना जाहीर केली. आतां तिची आठवण काढतांना लोक बंधुभावाच्या गोष्टी बोलतात. पण त्या योजनेंतून निघालेल्या संघाला स्वतःची तिजोरी होती, हें विसरून कसें चालेल? सभासद देशांतील प्रत्येक खाणीवर आणि प्रत्येक पोलादाच्या कारखान्यावर त्याच्या उत्पादनाच्या प्रमाणांत संघाची पट्टी बसत असे. आणि त्या पैशांतून भट्टी बंद पडलेल्या गांवांतील मजुरांस नवें काम शिकवावयाचें, त्यांच्यासाठीं घरें बांधावयाचीं. ज्याचा कारखाना चालला त्यानें ज्याचा बुडाला त्याला हात द्यावयाचा, आणि तोही मर्जीप्रमाणें नव्हे, पट्टीप्रमाणें. त्या संघाची पन्नास वर्षांची मुदत जुलै २००२ मध्यें संपली. देवूचे लाँवीजवळचे कारखाने बंद पडूं लागले तेही त्याच सुमारास.

आज या सर्व मुलुखास ‘महाप्रदेश’ असें भारदस्त नांव आहे. त्याची कचेरी एश येथें आहे, १९९५ पासून त्याच्या शिखर-परिषदा भरत आल्या आहेत, आणि २०२२ सालीं एश शहरानें सरहद्दीपलीकडील आठ फ्रेंच गांवांस बरोबर घेऊन युरोपची सांस्कृतिक राजधानी होण्याचा मान मिरविला. नाच, गाणीं, चित्रें यांना आमचा विरोध कां असावा? पण उत्सवाची वर्गणी समाईक आणि कराची पेटी खाजगी, या व्यवस्थेला आम्ही सहकार्य म्हणणार नाहीं.

थिओनव्हिलचा कोणी कारकून सध्यां लक्झेंबर्गच्या पेढीचें काम घरीं बसून संगणकावर करूं म्हणेल, तर त्याला वर्षांतून ३४ दिवस तसें करण्याची मुभा आहे. तेवढ्या दिवसांचा कर लक्झेंबर्गलाच जातो. ३५ वा दिवस त्यानें घरीं काढला, कीं घरीं केलेल्या कामाच्या पगारावर फ्रान्सचा हक्क उभा राहतो. आधीं ही मर्यादा २९ दिवसांची होती. दोन्ही सरकारांनीं बैठका घेऊन, घासाघीस करून तींत पांच दिवसांची भर घातली. एका कारकुनाच्या घरबसल्या दिवसांसाठीं जीं सरकारें इतकीं बारकाईनें बोटें मोडूं शकतात, त्यांनीं आतां ओदँ-ल-तीशच्या शाळेंत बसलेलीं मुलें मोजण्यास बसावें. टक्केवारीचा आंकडा शोधण्याचीही त्यांना तसदी नको. जिनिव्हानें तो १९७३ सालींच लिहून ठेवला आहे.